बॅटरीवरची गजी

बबनराव ओव्हाळ एसटीत कधी बसले नाहीत. म्हणजे चढले हजारदा, तिकीट काढलं, पण सीटला बूड म्हणून टेकवलं नाही. शिरूर ते निमोणे सगळी गाडी रिकामी असली तरी हा माणूस दांडा धरून उभा. बरं, उभा तरी एका जागी? पुढं ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन यायचं, मागच्या खिडकीतून मान बाहेर काढून टपावरचं सामान बघायचं, पुन्हा माझ्यापाशी. त्या मार्गावर मी चौदा वर्षं कंडक्टर होतो आणि या गृहस्थापायी माझा जीव मेटाकुटीला यायचा. एकदा चिडून म्हणालो, "बबनराव, पायाला भिंगरी बांधलीय का तुमच्या? बसा की गप."

"बसलो की कर्णा पडंल आसं वाटतं, आण्णा."

कर्णा टपावर चार फेरे दोरीनं बांधलेला असायचा. पडायचा काही संबंध नव्हता. पण काळजी करायला कारण लागतं असं मानणाऱ्यांतले बबनराव नव्हते.

शिरूरच्या मार्केट यार्डात त्यांचे वडील हमाल होते. पोरगं दहावीला आपटलं, मग रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसलं आणि तिथं त्याला स्वतःचा कान सापडला. पुढं दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, एक टेप आणि दोन बॅटऱ्या एवढ्यावर 'ओव्हाळ साउंड सर्व्हिस' उभी राहिली. भीमजयंती, लग्नं, जत्रा, निवडणुका, काही सोडलं नाही. गावोगावची वीज त्यांना मान्य नव्हती. शेतातले पंप सुरू झाले की गावातले बल्ब मान टाकतात, तिथं टेप कशी नीट चालणार? म्हणून सगळा कारभार बॅटरीवर. आता बॅटरीचंही असं, की ती उतरायला लागली की टेप हळूहळू संथ होते आणि गाणाऱ्या बाईचा बाप्या व्हायला लागतो. इतरांना हे गाणं पार रडायला लागल्यावर कळतं. बबनरावांना पहिल्या ओळीत कळायचं. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पंगतीत बसलेले असले तरी हातातला घास ठेवून पळत यायचे.

निमोण्याच्या जत्रेत पहिल्यांदा त्यांना बोलावलं तेव्हा दोन-चार जणांनी नाकं मुरडली होती. बिरोबाच्या दारात यांचा कर्णा कशाला, अशी कुजबुज झाली. गेणबा तेव्हा पन्नाशीचा होता. जातीचा धनगर, मेंढरं विकून शेतीला लागलेला, पण गजीतला पहिला ढोल त्याचाच. गजी म्हणजे धनगरांचं ढोलावरचं नाचणं: गोल धरायचा, हातात रुमाल, आणि पंधरा-वीस माणसांचं पाऊल एकदम पडलं पाहिजे. कुजबुज गेणबाच्या कानावर गेली. त्यानं कर्णा खांद्यावर घेतला, देवळासमोरच्या लिंबावर चढला आणि स्वतःच्या हातानं बांधून खाली आला. त्यानंतर कुणाची बोलायची छाती झाली नाही. दरवर्षी जत्रेला कर्णा बबनरावांचाच. दोघं फार बोलायचे असंही नाही. गजीच्या वेळी बबनराव ढोलाजवळ माईक धरून उभे राहायचे, एवढीच दोस्ती.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत सिनेमावाले आले. गाण्याबजावण्याचा सिनेमा, सात गाणी. आज त्याला लोक अभिजात वगैरे म्हणतात, रविवारी दुपारी टीव्हीवर लागला की माझी नात आवाज मोठा करते. नाव मी सांगणार नाही. ज्याला ते गजीचं गाणं आठवतं त्याला नाव लागत नाही, आणि ज्याला आठवत नाही त्याला सांगून काय उपयोग?

इनामगावला घोडनदीच्या काठी, जिथं पूर्वी पुण्याचे लोक खापरं उकरायला यायचे त्याच्या थोडं खाली, वाळूत गाणं घ्यायचं ठरलं. गाणं मुंबईत आधीच रेकॉर्ड झालेलं होतं. इथं ते मोठ्यानं वाजवायचं, त्यावर नाचायचं, नटीनं ओठ हलवायचे, आणि नंतर चित्राला ते मूळ गाणं चिकटवायचं, अशी त्यांची रीत. दिग्दर्शक साहेबांनी कुठल्याशा जत्रेत गेणबाची गजी बघितली होती, म्हणून नाचायला निमोण्याची बारा माणसं. मात्र गाणं वाजवायचं त्यांचं विलायती यंत्र दौंड स्टेशनवर गाडीतून उतरवताना युनिटमधल्याच कुणाच्या तरी हातून निसटलं आणि फुटलं. दुरुस्तीला चार दिवस. नटी तर दोनच दिवस मोकळी. मग गाण्याची कॅसेट आणि शिरूरचे बबनराव ओव्हाळ, असा तोडगा निघाला.

सिनेमाचा आवाजवाला चष्मेवाला होता, कमी बोलणारा. त्यानं बबनरावांच्या टेपवर कॅसेट लावली, हातातलं घड्याळ दाबलं आणि गाणं संपल्यावर दाखवलं: चार मिनिटं बारा सेकंद.

"एक सेकंद इकडंतिकडं झालं तर ओठ जुळणार नाहीत. बॅटरी भरलेलीच पाहिजे. तुमच्या भरवशावर मी यंत्र घेऊन मुंबईला चाललोय."

"बिनघोर जावा," बबनराव म्हणाले. ही गोष्ट त्यांनी मला पुढं इतक्यांदा सांगितली, की 'बिनघोर' शब्द आला की मी दुसरीकडं बघायचो. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गजी उभी राहिली. आखूड धोतरं, पांढऱ्या पैरणी, लाल मुंडाशी. गिताबाईनं, म्हणजे गेणबाच्या बायकोनं, मुंडासं स्वतः धुऊन वाळवून दिलं होतं. आख्ख्या निमोण्यात झालं होतं की गेणबा सिनेमात चाललाय. पाहुण्यारावळ्यांना सांगावे गेले होते. गाणं सुरू झालं आणि पहिल्या फेरीतच सगळ्यांच्या लक्षात आलं, की मुंबईच्या गाण्याला भलतीच घाई आहे. गजीचं पाऊल उचललं की हवेत थोडं थांबतं, मग पडतं. या गाण्यात थांबायला जागाच नव्हती. दुसऱ्या फेरीला माणसं धापा टाकायला लागली, तिसऱ्या फेरीला गोल वाकडा झाला. त्याच फेरीत नटी गोलात शिरून एक ओळ म्हणणार होती. ती शिरली आणि एका आजोबांवर आदळली.

"फास्ट, बाबा, फास्ट! सो गये क्या?" नाचाचा मास्टर ओरडत होता. मुंबईचा माणूस, हातात शिट्टी. बारा वाजेपर्यंत नऊ वेळा झालं. नवव्यांदा मास्टरनं टोपी वाळूत फेकली आणि साहेबांना म्हणाला, "पुण्याहून कॉलेजची मुलं मागवतो. संध्याकाळपर्यंत येतील. धोतरं नेसवू, पडद्यावर कोण ओळखतंय?"

हे सगळं गेणबासमोर, आणि तो जणू तिथं नाहीच अशा थाटात.

जेवणाच्या सुट्टीत गेणबा बबनरावांच्या टेपजवळ येऊन बसला. भाकरी सोडली होती, पण खात नव्हता. "बबनराव, ही गजी न्हाई. पळाय लावत्यात आमाला. पर तसं म्हणायचं कुणाला? सारजाबाईच्या सासरपातूर सांगून बसलोय." सारजाबाई त्याची लेक, पारगावला दिलेली.

"बघू, आबा. जेवा तुमी."

गेणबा उठून गेला. बबनरावांच्या पुढ्यात दोन बॅटऱ्या होत्या. एक नवी, भरलेली, जोडलेली. दुसरी सहा वर्षांची जुनी, तिला ते म्हातारी म्हणायचे, अडीअडचणीला ठेवलेली. ती किती उतरलीय हे त्यांना पाठ होतं. ते उठले, टेपभोवती दोन चकरा मारल्या, नदीपर्यंत जाऊन आले, पुन्हा चकरा. आणि मग कुणी बघत नाही असं बघून वायर काढली आणि म्हातारीला जोडली.

दुपारी गाणं लागलं. फरक इतका थोडा, की नटीला कळला नाही, मास्टरला कळला नाही, साहेबांना कळला नाही. मुंबईच्या गायिकेचा आवाज किंचित जाड झाला इतकंच. पण गेणबाच्या माणसांना पाऊल उचलून हवेत थांबायला जागा मिळाली. बारा रुमाल एकदम वर गेले. गोल असा फिरला, की काठावरच्या बाया भांडी तशीच टाकून बघत राहिल्या. नटी आत शिरली, ओळ म्हणाली, बाहेर पडली, कुणाला धक्का नाही. साहेब 'ओके' म्हणाले. मास्टर कॉलर ताठ करून म्हणाला, "देखा? डाँटने से होता है!"

बबनरावांनी हाताच्या घड्याळावर बघितलं होतं. चार मिनिटं सत्तावीस सेकंद.

गेणबा घामानं निथळत त्यांच्याकडं आला आणि म्हणाला, "जमलं, बबनराव! म्हाताऱ्या हाडांनी जमवलं!" त्यांनी काय उत्तर दिलं ते त्यांना आठवत नव्हतं. बहुतेक हसले असतील.

तिथून पुढं या माणसाचं सुख गेलं. आधीच अस्थिर, त्यात हे. पुढच्या आठवड्यात गाडी रिकामी होती तेव्हा माझ्याजवळ आले आणि निमोण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. मी म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप ऱ्हावा. त्यांच्याकडं मोठमोठाली यंत्रं हायेत, काढतील जुळवून." मला वाटलं मी शहाणपणा सांगतोय. त्यांना ते पटावं अशी त्यांची फार इच्छा होती, पण पटेना. घरी कॅसेटची एक प्रत होती. कधी नव्या बॅटरीवर, कधी म्हातारीवर लावून, घड्याळ हातात घेऊन अंगणात फेऱ्या. दरवेळी तेच पंधरा सेकंद. त्यांची बायको माया अंगणवाडीत होती, वीस पोरं सांभाळून यायची आणि घरी हे एकविसावं. ती म्हणायची, "जेवताना ताटाभवती तेवढं फिरू नका, म्हंजी झालं."

इकडं निमोण्यात गेणबाला भेटलं की तो तीच गोष्ट काढायचा. सकाळी जमलं नव्हतं, दुपारी जमलं. माणसानं धीर सोडू नये. शाळेतल्या गुरुजींनी ही गोष्ट पोरांना सांगितली म्हणे. बबनराव ऐकून घ्यायचे आणि पुढच्या गाडीनं परत यायचे.

जुलैत दौंडला एका साखरपुड्याची ऑर्डर होती. रेल्वे क्वार्टरच्या बाजूला कर्णा बांधताना खाली सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा माणूस त्यांना ओळखीचा वाटला. तो हौसराव. दौंडचाच, फिटरचा मुलगा. बारा वर्षं मुंबईत कॅमेऱ्याच्या हाताखाली काम करून वर चढलेला. इनामगावच्या वाळूत कॅमेरा त्याच्याच ताब्यात होता.

"तुमी हितं कसं?" बबनरावांनी विचारलं.

हौसरावनं हात पुसले. "ते गजीचं गाणं. कापायला बसले तर चित्र गाण्याच्या मागं पडतंय. ओठ जुळंनात. म्हणाले, कॅमेऱ्याची मोटर जोरात पळली, म्हणून पडद्यावर नाच संथ दिसतोय. मोटर माझ्याकडं. मी तीनदा तपासली होती, शपथेवर सांगितलं. पर ऐकतंय कोण? एकानं काढलं की दुसरा घेत न्हाई आमच्या धंद्यात." मग स्वतःच म्हणाला, "आता मला पण वाटतंय, आसंल माझंच चुकलं."

हे शेवटचं वाक्य बबनरावांना लागलं. त्या दिवशी साखरपुड्यात कर्ण्यानं शिट्ट्या मारल्या आणि ते जागचे हलले नाहीत. शिरूरला आल्यावर मायाला सगळं सांगितलं. इतके महिने बायकोला सांगितलं नव्हतं आणि कंडक्टरला सांगितलं होतं, यावरून ती आधी तासभर भांडली. मग म्हणाली, "तो माणूस सोताला चोर समजाय लागलाय. तुमाला ठावं हाय त्यो चोर न्हाई. मंग अजून बसलाय कशाला?"

"सांगितलं तर गेणबाआबाचा नाच जाईल. आबाला वाटतंय त्यांनी जमवलं."

"मंग आबालाच इचारायचं व्हतं की तवा."

त्यांनी साहेबांच्या ऑफिसला एसटीडीवरून तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा साहेब नव्हते. चौथ्यांदा कुणीतरी सांगितलं, की दिवाळीनंतर ते गाणं पुन्हा घ्यायला युनिट इनामगावला येणारच आहे, कर्णे तुमचेच लागतील. म्हणजे तारीख ठरली. तोवर हा माणूस नुसता वाळत गेला. निमोण्याला जाऊन गेणबाला आधी सांगावं म्हणून दोनदा माझ्या गाडीत चढले आणि दोन्ही वेळा वाटेत उतरून उलट्या गाडीनं परत फिरले. मी तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, आणि चार शिव्या हासडल्या.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी मी सुट्टी काढून गेलो होतो. विलायती यंत्र दुरुस्त होऊन आलेलं, चष्मेवाला त्याच्यापाशी. बबनरावांकडं फक्त कर्णे आणि माईक. मास्टर यावेळी पक्का होता: त्यानं पुण्याची बारा मुलं मिनीबसमधून आणूनच ठेवली होती. पण साहेबांचा जीव गेणबात अडकलेला. ते म्हणाले, आधी यांना एक संधी. गेणबा छाती काढून उभा होता. "एकदा जमलंय, पुन्यांदा जमंल," असं बाकीच्या अकराजणांना सांगत होता.

बबनराव साहेबांकडं निघाले. साहेब वाळूच्या पार पलीकडच्या टोकाला, कॅमेऱ्याजवळ. मधे दीडशे माणसं. बबनराव थोडे चालले, परत आले, पुन्हा चालले, परत आले. मला राहवेना, मी म्हणालो, "जा की एकदाचं!" तर त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. पाय चालेनात म्हणून त्यांनी हातातला माईक तोंडाला लावला. वीस वर्षांत या माणसानं माईकवर 'हॅलो, टेस्टिंग'पलीकडं शब्द काढला नव्हता.

"साहेब, मी स्पीकरवाला बोलतोय. हौसरावची चूक न्हाई. मोटर नीट व्हती. फेब्रुवारीत दुपारच्याला मी उतरलेली बॅटरी लावली. मुद्दाम लावली. गाणं पंधरा सेकंद हळू वाजलं. निमोण्याच्या माणसांना जमावं म्हणून केलं. हौसरावला कामावर घ्या. मला काय करायचं ते करा."

दोन्ही कर्ण्यांतून हे नदीपलीकडच्या उसापर्यंत गेलं. मास्टरच्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली. साहेब चालत आले, लाल झाले होते, पण त्यांनी आवाज चढवला नाही. "अहो, नऊ महिने? एका माणसाची रोजी गेली, नऊ महिने तुम्ही गप्प बसलात?" एवढंच म्हणाले. चष्मेवाल्यानं तर बबनरावांकडं बघितलंसुद्धा नाही. तो नुसता म्हणाला, "बिनघोर जा म्हणाला होतात."

पण बबनरावांचं लक्ष या दोघांकडं नव्हतं. गेणबा येत होता. त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं होतं.

"म्हंजी आमाला जमलं न्हवतं," गेणबा म्हणाला.

"आबा, त्यांचं गाणंच चुकीचं..."

"गाण्याचं न्हाई इचारत. आमाला जमलं न्हवतं, व्हय ना?"

बबनरावांनी माईक खाली वाळूत ठेवला.

"मला इचारायचं व्हतं, बबनराव. मी म्हणलो आसतो, न्हाई जमत, चाललो घरी. न्हाई जमत म्हणाय मला लाज न्हाई. पर नऊ म्हयनं मी गावभर सांगत फिरलो, आन् तुमी ऐकत व्हता." त्यानं मुंडासं मुठीत आवळलं होतं. रागानं की कशानं ते मला सांगता येणार नाही. "माझी दया करायला तुमी कोण?"

मग त्यानं मुंडासं पुन्हा बांधलं आणि चष्मेवाल्याकडं बघून म्हणाला, "लावा तुमचं यंत्र. खरं लावा."

गाणं लागलं. चार मिनिटं बारा सेकंदांचं, खरं. मी देव फारसा मानत नाही, पण त्या वेळी मी बिरोबाला हात जोडले. पहिली फेरी बरी गेली. दुसरीत दोघांची पावलं मागं पडली. गेणबा दात आवळून नाचत होता, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. तिसऱ्या फेरीला नटी आत यायच्या आधीच त्यानं स्वतःचा रुमाल वर धरला आणि गोल थांबवला. कुणी थांबवलं नव्हतं. साहेबांसमोर जाऊन म्हणाला, "न्हाई जमत. पोरं आणा." आणि दोन श्वास घेऊन पुढं म्हणाला, "पर त्यास्नी रुमाल धरता येत न्हाई. ते दावून मंग जातो."

संध्याकाळपर्यंत तो त्या कॉलेजच्या मुलांना शिकवत राहिला. खांदा कुठं वाकवायचा, नजर कुठं ठेवायची, रुमाल मुठीत नाही तर दोन बोटांत. सुरज नावाचा एक मुलगा सारखा चुकत होता, त्याच्यामागं तर पाठीवर हात ठेवून फिरला. मास्टर खाली वाळूत बसून मुकाट बघत होता. दुसऱ्या दिवशी मुलांनी नाच उत्तम केला. तोच तुम्ही पडद्यावर बघता.

हौसरावला साहेबांनी त्याच आठवड्यात बोलावून घेतलं. त्यानं बबनरावांना पत्र लिहिलं. त्यात आभार नव्हते आणि शिव्याही नव्हत्या, फक्त 'कामावर रुजू झालो' असं होतं. बबनरावांनी ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

गेणबानं मात्र बोलणं सोडलं. त्या वर्षीच्या जत्रेला निमोण्यात दुसऱ्याचे कर्णे लागले. बबनराव त्या दिवशी घरी थांबले नाहीत, यार्डात नाहीत, दुकानात नाहीत. मी शिरूर-निमोणे चार फेऱ्या केल्या आणि चारही फेऱ्यांना ते स्टँडवर उभे दिसले. चढले एकदाही नाहीत. मी हाक मारली तर म्हणाले, "न्हाई, आज काम न्हाई." मला इतका राग आला त्यांचा, आणि गेणबाचा, आणि त्या सिनेमाचा. एका गाण्यापायी दोन चांगली माणसं समोरासमोर आली की रस्ता बदलायला लागली होती.

मे महिन्यात सिनेमा शिरूरला लागला. तीनचा खेळ. मी बबनरावांना आणि मायाला ओढून नेलं. बबनराव भिंतीला टेकून उभे राहणार होते, पण दारावरच्या माणसानं खेकसून खुर्चीत बसवलं. नावं आली तशी ते पुढं वाकले. 'कॅमेरा सहायक' या ओळीत हौसराव होता. त्यांनी एवढं बघितलं आणि मागं टेकले. त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं, ते त्यांनी शोधलंही नाही.

अंधारात कुणीतरी रांगेतून वाट काढत आलं आणि त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसलं. बिडीचा आणि धुतलेल्या पैरणीचा वास आला. गेणबा होता, एकटाच. त्यानं इकडं बघितलं नाही. बबनरावांनीही मान वळवली नाही, पण मला त्यांचा गुडघा हललेला कळला.

गजीचं गाणं आलं. थिएटरात शिट्ट्या पडल्या, लोकांनी नाणी फेकली. मुलं सुंदर नाचत होती, रुमाल दोन बोटांत, खांदा अगदी पाहिजे तिथं वाकलेला. आणि दोघांच्या खुर्च्यांमधल्या लाकडी दांड्यावर गेणबाचं एक बोट पडायला लागलं. टक्, आणि मग थोडं थांबून, टक्. पडद्यावरच्या ढोलाशी त्याचा मेळ नव्हता. पडद्यावर गजी पळत होती. हे बोट उचललं जायचं, हवेत थोडं थांबायचं, मग पडायचं. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. नटी आत शिरून ओळ म्हणून बाहेरही पडली आणि गेणबाच्या बोटावर ती अजून आत यायची होती.

गाणं संपलं. टाळ्या संपल्या. पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू झाला, घरातलं कसलंसं भांडण, आणि लोक पुन्हा शेंगदाणे सोलायला लागले. गेणबाचं बोट चालूच होतं. बबनराव पडद्याकडं बघत नव्हते, घड्याळाकडंही नाही. ते त्या बोटाकडं बघत होते, हात मांडीवर, जरासुद्धा न हलता. इतका वेळ एका जागी गप्प बसलेले मी त्यांना त्या आधी आणि त्या नंतरही कधी पाहिलं नाही.

मग शेवटची फेरी पुरी झाली. बोट थांबलं.

"झालं आमचं," गेणबा म्हणाला. "आता बोला, बबनराव."